सशाशी सोयरीक

(इजिप्तमधल्या तांता शहरातलं घर. हाजी शुक्रींच्या हातात मुलीचा, इनासचा मोबाइल. त्यावर गोळीबाराचा खेळ चालू आहे. तिला मागणी घालणारा वगीह दुबईहून त्याच खेळातून बोलतोय.)

शुक्री : ते नॉर्वेचं काय, ते आधी सांग. सोयरिकीचं मग बघू.

वगीह : काका, मी दुबईतच आहे. इथे सरकारनं व्हिडिओ कॉल बंद ठेवलेत, म्हणून व्हीपीएन लावलं होतं. त्यात आपण नाही त्या देशात आहोत, असं दाखवावं लागतं.

शुक्री : म्हणजे खोटं बोलावं लागतं.

वगीह : मी नाही, मोबाइल बोलतो.

शुक्री : मोबाइल कुणाचा?

इनास : बाबा, पुरे. याच्या नावाखाली एकदा नॉर्वे दिसलं, तेव्हापासून तिथे याची बायको आहे म्हणताय.

शुक्री : गोरी बायको म्हणालो होतो.

इनास : आता तर तेही व्हीपीएन बंद पाडलंय. खेळातलं बोलणं तेवढं अजून कुणी अडवलेलं नाही.

शुक्री : मग साधा फोन करायचा.

वगीह : मुलगा समोर उभा राहिल्याशिवाय सोयरीक पक्की करायची फातिहा वाचणार नाही, असं तुम्हीच म्हणालात ना, काका? हा बघा, उभा आहे. विहिरीपाशी.

शुक्री : विहिरीपाशी ससा आहे.

वगीह : तोच मी.

शुक्री : गुलाबी आहे.

वगीह : फुकटात तेवढाच पोशाख मिळतो.

शुक्री : आणि ही बिनबाह्यांची, कुऱ्हाडवाली बाई कोण?

इनास : ते तुम्ही, बाबा.

शुक्री : अल्ला, माफ कर.

इनास : बाबा, आज दुपारी असरच्या नमाजानंतर तो औषधदुकानवाला मला मागणी घालायला येतोय, आईबापांना घेऊन. माणसं घरात बसून बसबूसाची मिठाई खायला लागली की तुमच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. आधीच फातिहा झालेली असली, तर शब्द दिलाय म्हणता येईल. आत्ताच वाचा.

शुक्री : तो निदान माणसासारखा दिसतो.

इनास : बाबा!

शुक्री : बरं, बरं. वगीह, माझ्या पोरीला सांभाळशील ना?

वगीह : तळहाताच्या फोडासारखी जपेन, काका. तुम्ही जरा भिंतीआड व्हा, मागून कुणीतरी नेम धरलाय.

शुक्री : तुझ्याकडचे पाहुणे का?

वगीह : छे, अनोळखी आहेत. ब्राझीलचे दिसतायत.

शुक्री : आहेत की दाखवतायत?

वगीह : ते मात्र मलाही नाही सांगता येणार.

शुक्री : असो. हात पसर. हा हात पसरत नाही, इनास.

वगीह : सशाला पसरता येत नाहीत, काका. त्याला फक्त उडी मारता येते, नाहीतर नाचता. माझे खरे हात पसरलेत. मोबाइल मांडीवर ठेवलाय.

शुक्री : नाचू नकोस म्हणजे झालं. चला. बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम...

इनास : आमीन.

शुक्री : आमीन. वगीह, आमीन म्हण. अरे! ससा आडवा का झाला?

इनास : बाबा, तो मेला.

शुक्री : कधी?

इनास : फातिहा चालू असताना. तुमच्यावर गोळी झाडली, तर हा उडी मारून मध्ये आला.

शुक्री : हात पसरलेत म्हणाला होता ना?

इनास : मोबाइल उचलला असणार.

शुक्री : फातिहा अर्धवट टाकून?

इनास : तुमच्यासाठी, बाबा.

शुक्री : थांब, माझा गोंधळ होतोय. आपण माणूस गेल्यावरही हीच वाचतो. मग ही सोयरिकीची झाली की मयताची?

इनास : मला काय माहीत!

शुक्री : त्यालाच विचार.

इनास : मेल्यावर बोलता येत नाही यात. ऐकू तेवढं येतं.

शुक्री : ऐकू येतं? वगीह, बाळा, ती कुऱ्हाडवाली म्हणजे मी नव्हे रे. मी इथे सोफ्यावर आहे. मला काही होणार नव्हतं.

इनास : त्याला माहीत आहे, बाबा.

शुक्री : माहीत असून मध्ये आला?

इनास : हो.

शुक्री : ... त्या औषधवाल्यांना फोन लाव.

इनास : काय सांगू?

शुक्री : सांग, आज येऊ नका. आमच्या घरातलं माणूस गेलंय.