आईसाठी, तिखट कमी

आमचं गाव सांगोल्याकडचं. गाव कसलं, वस्तीच ती, चार घरं आन् मेंढरं, आन् टँकर आला की सगळी घागरी घेऊन पळणार. वडील मी लहान असतानाच गेले, मग आई मेंढरामागं जायची, दादा शेतात, आन् मी सातवीतनं शाळा सोडली ती सोडलीच. मला शिकल्यालं काय बोलता येत न्हाय, तुमी नीट करून लिवा. सोलापुरात आलो तवा ह्याच नव्या पेठेत एका शेंगाचटणीच्या दुकानात शेठनी ठेवून घेतलं, उखळात तेल सुटंस्तवर कसं कुटायचं ते शिकवलं, स्वतःच्या पोरांसंगं जेवाया बसवलं. त्यांचे उपकार फिटायचे न्हाईत. त्यांच्याच मेव्हण्याचं जपानात आपल्याकडच्या जेवणाचं हाटेल, तितं भरवशाचा माणूस पायजे म्हणून मला धाडलं. पोरगा होतो तवा, आता कानाजवळचे केस पांढरे झालेत.

काय सांगू तुमाला, पयला हिवाळा लई वाईट गेला. बोली कळंना, थंडीनं बोटं वाकंनात, जीभ तर मेल्यागतच झाली. भांडी घासाया एक म्हातारा जपानी होता, त्यानं मला एका दुकानात नेलं, काळसर पिठाच्या लांब लांब शेवया, गरम पाण्यागत रस्सा, मी म्हटलं हे काय गिळायचं. तर त्यानं बांबूच्या लहान डबीतनं वरनं लाल भुकटी भुरभुरली. पयला घास घेतला आन् मला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगंच आठवलं. सांजचं मेंढरं आत घातली की आई चुलीवर करायची, वर तिळाची चटणी टाकायची, ते. रडाया आलं, म्हातारा हसला, त्याला वाटलं तिखट लागलं.

शिचिमी म्हणत्यात तिला, सात चवींची. लाल मिरची, संत्र्याची वाळकी साल, काळं तीळ, खसखस, भांगेचं बी, समुद्रातलं शेवाळ, आन् एक जीभ बधिर करणारं फळ, आपल्याकडं कोकणात तिरफळ असतंय तसलं. रश्शावर टाकत्यात, भाजल्याल्या कोंबडीवर, भातावर, कोबीच्या लोणच्यावरसुदीक. पण शिजताना न्हाय घालायची, ताटात आल्यावर वरनंच, फोडणीत गेली की मेली.

तितं हाटेलच्या मागच्या गल्लीत एक जपानी आजी ती इकती. तयार डबी देत न्हाय, सात वाट्या पुढ्यात ठिवून इचारती, कुणासाठी? मी मोडकंतोडकं सांगायचो, आईसाठी, तिखट कमी. आईचं तोंड कायम आल्यालं असायचं न्हवं. मग ती मिरची जरा हात आखडून घालायची, तीळ जास्त, आन् बजावायची, लवकर खायाला सांग, वास उडून जातो. पुढच्या बारीला गेलो की पयलं इचारणार, आईला आवडलं का, आन् मगच चमचा उचलणार.

गावाकडं कुणी निघालं की त्याच्या हाती मी डबी द्यायचो. दादा म्हणायचा, आये, भांगेचं बी हाय ह्यात, तुजा ल्योक तुला नशेला लावतोय. माझं जेवण व्हायचं तवा हितं दुपार कलायची, मी फोनवर ताट दावायचो, ह्यावर भुरभुरलीय बघ, तू खाल्लीस का? आई म्हणायची, व्हय, खाल्ली की, संत्र्याचा कसा छान वास येतोय. मला लई बरं वाटायचं. वाटायचं, एवढ्या लांबनं का हुईना, दोघं एकच चव खातोय.

आता आई गेली. मी पोचलो तवा राख सावडून झालती. हाटेलच्या मालकांनी रजा दिली, तिकीट काढून दिलं, देव त्यांचं भलं करो, पण आईचं तोंड काय दिसलं न्हाय.

तेराव्याच्या आदल्या दिशी वहिनी उतरंड काढत हुती. खालच्या मडक्यातनं तिनं घोंगडीचा तुकडा काढला, सोडला, तर आत माझ्याच डब्या. साऱ्या. कागदसुदीक फाडल्याला न्हाय. एकच तेवढी उघडल्याली. मी म्हटलं, वहिनी, आई खात न्हवती? ती पदरानं नाक पुसत म्हणाली, आत्या तुमचा फोन आला की ही डबी नाकाशी धरायच्या, भावजी, आन् म्हणायच्या, खाल्ली. मी लई येळा म्हटलं, घ्या की चिमूटभर भाकरीवर. तर म्हणायच्या, नगं, त्याचं त्याला ठिव. तो येईल तवा हितलं जेवाण त्याला गोड लागायचं न्हाय, तितल्या चवीची सवय झालीय त्याला, मग काय उपाशी ठिवू?

ऐकताय न्हवं तुमी? मी तितं ती खायचो ती आईच्या माडग्याची चव लागती म्हणून. आन् आई समजली, मला तिचं माडगं गोड लागायचं न्हाय. एवढ्या वर्सांत हे मी कधी सांगितलंच न्हाय, आन् तिनं इचारलं न्हाय.

तेराव्याला वहिनीनं माडगं केलं. आईच्या पानावर मी त्यातलीच एक बंद डबी फोडून भुरभुराया लागलो, भावकीतला एक म्हातारा म्हणाला, परक्या मुलखातलं काय टाकतोस मयताच्या पानावर. दादा, जो कायम चेष्टा करायचा, तो खालमानेनं म्हणाला, टाकू द्या, तिचंच हाय ते. मग मी पण खाल्लं. निस्तं तिखट लागलं. वास उडून गेलता.

उद्या निघायचंय. भ्या वाटतंय, रजा लांबली, तितं जागा ऱ्हाती का न्हाय कुणास ठाऊक. वहिनीनं हुलग्याचं पीठ बांधून दिलंय, तिला सुखी ठिवो देव. आन् ती उघडी डबी मी संगं नेतोय. तुमची आई असंल तर एकडाव जेवाया बसा तिच्याजवळ, दुसरं काय सांगू.

एकच घोर लागलाय. त्या गल्लीतनं जाताना आजी हाक मारणार, इचारणार, आईला आवडलं का. एवढी म्हातारी बाई, तिला कशाला वाईट वाटू द्यायचं. म्हणीन, व्हय आजी, खाल्ली, लई आवडली.