दसऱ्याच्या हारातले बिल्ले

माहा जनम मोहगावचा. बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात मजुरी करे, आम्ही बौद्ध माणसं, पण बापानं मले सातवीपर्यंत शिकवलं, अन् त्या शिक्षणावर मी सौंसरले एका हाडाच्या डाक्टराच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. ऐंशीच्या पुढचे ते वर्सं.

काय सांगू तुम्हाले त्या डाक्टराचा तोरा. पाठ धरलेल्या माणसाच्या मणक्यात सुई घालायची त खोलीत अंधार करून एक्स-रेची मशीन चालू करे अन् पडद्यावर पाहत पाहत सुई सरकवे. पेशंट हालला नाही पायजे म्हणून कंबर कोणी धरायची, त मी. किरणं माह्या हातावरूनच जात. शिशाचा एप्रन एकच, तो डाक्टराच्या अंगावर. मी मागितला त म्हणे, तुले काय होते बाई, तुम्ही कष्टाचे लोक, मजबूत. सावरगावच्या गोटमारीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं एकमेकांवर गोटे मारते, तिथं येनारा गोटा दिसते तरी, मान वाकवता येते. इथं काय वाकवाल.

आम्हा तिघांले, म्हंजे डाक्टर, मशीनवाला गजाननभाऊ अन् मले, छातीवर लावाले बिल्ले होते. आत फिल्मची पट्टी, किरणं पडले का काळी होते, मंग मुंबईले तपासाले जाते. डाक्टर ते बिल्ले हरवतीन म्हणून ड्रॉवरात कुलपात ठेवे. मुंबईहून कागद ये, सगळं ठीक. अन् हा मानूस तो कागद मले दाखवे, म्हणे, पाह्य, काही होत नाही. ठीक कोण होतं, त ड्रॉवर.

एका दसऱ्याले गजाननभाऊनं मशीन पुसली, हार घातला, एप्रनले कुंकू लावलं. मले अंगात घालाले नाही, पण त्याची पूजा झाली. अन् बिल्लेही दवाखान्याचे हत्यारच होत म्हणून ड्रॉवरातून काढून त्या हारात अडकवले, मशीनीच्या तोंडापाशी. हार सुकला तरी कोणी काढला नाही, अपशकुन होते म्हणे. दिवाळीपर्यंत तिथंच.

मंग मुंबईचा कागद आला तो रागाचा, एवढे किरणं कोणावर पडून राहिले, उत्तर द्या. डाक्टर हासला अन् लिहून धाडलं का बिल्ले पूजेत चुकून राहून गेले, त्या जागी मानूस उभाच राहत नाही. गजाननभाऊनं मले वाचून दाखवलं, खाली मान घालून. मी तिथंच उभी राहत होती, बाप्पा, तीन वर्सं झाले, अन् तवा मले चौथा महिना चालू.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याचा एक कास्तकार टेबलावर पालथा पडला होता. मी खुटीवरचा एप्रन काढला अन् घातला. डाक्टर म्हणे, हे काय, तो कोणाचा हाये. मी म्हटलं, साहेब, माह्या पोटात लेकरू हाये, हा माह्या अंगावर राहीन, नाही त कंबर तुम्ही धरा. तो म्हणे, मंग मी काय बिना एप्रनचा उभा राहू. मी म्हटलं, राहा ना, काही होत नाही. तसा तो पालथा पडलेला कास्तकार हासला, म्हणे, साहेब, तुम्हीच त मले सांगतलं होतं, काही होत नाही म्हणून.

तर हा शूर मानूस दाराबाहेर गेला अन् तिथून म्हणे, आज मशीन बिघडली म्हणून सांग. चांगली चालती मशीन. आठ दिवसांत नागपूरहून दुसरा एप्रन आला. शिशाचे हातमोजे काही आले नाही, तेवढी अक्कल त्याले कुठून राहीन.

आता लय वर्सं झाले. माह्या बोटांची कातडी फाटते, नखं आडवे-उभे चिरले, पीठ मळलं का आग होते. तवा पोटात होती ते पोरगी आता मोहगावले मास्तरीण हाये, आली का माह्या हातची परात ओढून घेते, म्हणते, माय, तू राहू दे. मी म्हणते, मळ बाई तू, तुहे हात चांगले हायेत, असेच राहो.