आडवा आलेला ऑक्टोपस

(दक्षिण कोरियातलं एक बेट. खाडीच्या टोकावर टाक्यांत अबलोन शिंपले वाढवायची शेड. तिच्या छपराशी सत्तरीची मालसुक आणि शहरातून आलेली तंत्रज्ञ येरिम. पलीकडे बंदरात, ग्रामभवनाच्या गच्चीवर मालसुकचा धाकटा भाऊ, सरपंच ग्यूचॉल. टोकापर्यंत इंटरनेट न्यायला दोन काठांवर एकेक तबकडी, डिश अँटेना. बोलणं होड्यांवरच्या वायरलेसवरून.)

ग्यूचॉल : डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?

मालसुक : तुझ्या. माझ्या डावीकडे समुद्र आहे. तिकडं फिरवलीस तर गावाचं नेट माशांना मिळेल.

येरिम : सरपंचसाहेब, तबकडी अगदी केसभर हलवा. हं, थांबा. सिग्नल उणे ब्याऐंशी.

ग्यूचॉल : ब्याऐंशी! शाळेत कधी एवढे पडले नव्हते मला.

मालसुक : उणे म्हणाली ती. तेवढे पडले होते.

येरिम : आकडा शून्याकडे जाईल तितकं चांगलं. निदान उणे साठ तरी हवा. आत्ताच्या आकड्यावर टाक्यांवरचा कॅमेरा चालायचा नाही. हवेचा पंप बंद पडला तर इशाराही पोचायचा नाही.

ग्यूचॉल : धुकं आहे ना आज.

मालसुक : कुठलं धुकं? तुझं टक्कल चमकतंय इथवर.

ग्यूचॉल : मग तुझ्या शेडचे पत्रे गंजलेत, त्याचा दोष.

येरिम : पत्र्यांचा काही संबंध नाही हो. दोन्ही तबकड्यांना एकमेकींचं तोंड दिसायला हवं. मधे काहीतरी आडवं येतंय. आजी, दुर्बीण द्या बघू... सरपंचसाहेब, तुमच्या पुढ्यात ते लाल, गोल काय आहे?

ग्यूचॉल : कुठं?

येरिम : केवढं थोरलं आहे, आणि तुम्ही कुठं म्हणताय!

मालसुक : अगं, तो गावाचा विकास आहे.

ग्यूचॉल : ताई! वर्षभर एक शब्द बोलली नाहीस, आणि आज सगळ्या होड्या ऐकताहेत तेव्हाच तोंड उघडायचं?

मालसुक : ऐकू देत. येरिम, तो ऑक्टोपस आहे. सिमेंटचा. टोकापर्यंत केबल टाकायला सरकारनं निधी दिला होता. तेव्हा या शहाण्यानं सभेत सांगितलं, टोकाला घरं चार, त्यांच्यासाठी खणायचं कशाला? त्यापेक्षा ऑक्टोपस उभारू, पर्यटकांची रीघ लागेल. लागली का रे रीघ?

ग्यूचॉल : येतात की लोक. फोटो काढतात.

मालसुक : रोज नेमानं येतो तो एक कुत्रा. पाय वर करतो आणि जातो.

येरिम : केबल असती तर तुमचा गेल्या उन्हाळ्यातला माल...

मालसुक : वाचला असता. मी गुडघ्याच्या ऑपरेशनला शहरात पडलेले आणि इकडं भर दुपारी पंप थांबला. पोरासारखे वाढवलेले अबलोन, सगळे गेले. शेजारीपाजारी कुणी नव्हतं. अख्खा गाव ऑक्टोपसच्या उद्घाटनाला. बँड वाजत होता, आणि हा फीत कापत होता.

ग्यूचॉल : मला काय स्वप्न पडणार होतं, पंप थांबला म्हणून?

मालसुक : नाही पडणार. म्हणूनच केबल मागत होतो आम्ही.

येरिम : सरपंचसाहेब, तो ऑक्टोपसच आडवा येतोय.

ग्यूचॉल : मी म्हणतो, खांब लावून तबकडी उंच केली तर?

येरिम : तेवढ्यानं भागणार नाही. नुसती फट सापडून उपयोग नाही, आजूबाजूलाही मोकळं लागतं. बंदरात सगळ्यात उंच जागा कुठली?

मालसुक : बोल की आता. ‘तालुक्यात सर्वांत उंच’ असा फलक तूच लावलायस ना?

ग्यूचॉल : त्याच्या डोक्यावर? अगं, पुढच्या आठवड्यात मोठे साहेब यायचेत पाहायला! ऑक्टोपस डोक्यावर ताटली घेऊन उभा?

मालसुक : म्हणतील, चला, कामाला तरी लागला. सरपंचाच्या आधी.

येरिम : वीज मिळेल का तिथं?

मालसुक : मिळेल तर! त्याच्या डोळ्यांत दिवे बसवलेत यानं. गावात अंधार, पण ऑक्टोपसला सगळं दिसतं.

ग्यूचॉल : बरं, बरं. माणूस चढवतो.

मालसुक : माणूस आणणार कुठून? हाताशी यायची ती पोरं सोलला गेली. फीत तू कापलीस, तूच चढ.

ग्यूचॉल : साठी उलटली माझी, ताई.

मालसुक : म्हणून तर सांगते, शिडी दोघांना धरायला लाव. आणि ते सरपंचाचे बूट काढून ठेव खाली.

येरिम : ...झालं का, सरपंचसाहेब? बराच वेळ झाला.

ग्यूचॉल : चढलो. वायरही वर घेतली. थोडं गरगरतंय... ताई, इथून तुझी शेड दिसते गं. यंदा एकाच टाकीवर जाळी?

मालसुक : एकच भरली. बाकीच्या भरायला छाती झाली नाही.

येरिम : तबकडी जरा खाली झुकवा. उणे सत्तर. आता उजवीकडे, तुमच्या उजवीकडे. अजून... उणे छप्पन्न! तिथंच आवळा!

ग्यूचॉल : आवळली.

येरिम : आजी, हे बघा, टाकी दिसतेय फोनवर. अबलोनसुद्धा सरकताना दिसताहेत. आता एवढंच राहिलं. पंप थांबला की तुमचा फोन वाजेल. तुम्ही नाही उचललात तर दुसऱ्या नंबरवर वाजेल. कुणाचा घालू? मुलीचा?

मालसुक : ती बुसानला. तिथून फुंकर घालणार आहे का टाकीत?

येरिम : मग?

मालसुक : ग्यूचॉल, आहेस का वर अजून?

ग्यूचॉल : आहे.

मालसुक : झोपताना फोन बंद करतोस की चालू ठेवतोस?

ग्यूचॉल : ...चालू ठेवीन.

येरिम : सरपंचसाहेब, नंबर सांगा तुमचा.

मालसुक : त्याला कशाला विचारतेस? घे लिहून. पाठ आहे मला.