एसटीत बसलेली सून

वाचनालयाच्या रांगेत महेश्वरच्या पुढं विड्या वळणारी गुरम्मा होती. पाहणीला आलेल्या मॅडमनी तिलाच गाठलं.

"आजी, हे पुस्तक आवडलं का?"

"मला कुटं वाचाया येतंय?"

"मग वाचतं कोण?"

"येसूबाईची पोरगी, प्रतीक्षा. आमी धाजणी विड्या वळत ऐकायचो. तिच्या वाटच्या विड्या आमीच वळायचो की."

"म्हणजे वाचक एक लिहू की दहा?"

"काय बी लिवा. आता ती चिंचोळीला कंपनीत लागली."

"मग तुम्हाला काय हवंय? मोठ्या अक्षरांची पुस्तकं?"

"अक्षर मोटं करून काय करू बाई? वाचणारं माणूस द्या."

"माणूस? तसा पर्यायच नाही हो ह्या फॉर्मात."

"ऱ्हाऊ द्या. ह्यातली सून घर सोडून एसटीत बसली, तितंच थांबलंय. माघारी आली का ती, तेवढं सांगा."

"मी नाही वाचलेलं."

खिडकीतल्या ग्रंथपालानंही नकारार्थी मान हलवली. गुरम्मा मागं वळली.

"तुमी वाचलंय का वो?"

महेश्वरनंही ते वाचलं नव्हतं, आणि वाचून दाखवायला रांग सोडावी की नाही, हे त्याला कळेना. त्यानं पुस्तक घेतलं आणि शेवट उघडला.

"शेवट नको. खुणेला विडीचं पान घातलंय बगा. तितनं वाचा."