शेवटच्या पानावरचा अंगठा

हसू नका, पण चांगलं पुस्तक कसं ओळखायचं ते मला कापड विणायच्या लूमच्या तेलानं शिकवलं. इथे सुरतेत आमच्या लायब्ररीत मराठीचं एकच कपाट, आणि वाचणारे बहुतेक आम्ही लूमवालेच. हात कितीही धुवा, पानांवर काळी बोटं उमटतातच. मी आधी ती बोटं बघायचो. विसाव्या पानावर थांबली, की पुस्तक परत कपाटात. शेवटपर्यंत गेली, की घरी.

एकदा बघतो तर लायब्ररीवाल्या बेन नेमकी तीच पुस्तकं रद्दीत काढत बसलेल्या!

"बेन, ये मत निकालो! यही तो सबसे अच्छी हैं."

"अच्छी? कितनी गंदी की हैं तुम लोगों ने!"

मी एक कोरं आणि एक डागाळलेलं पुस्तक त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. "ये किसी ने पढ़ी ही नहीं. और इसमें देखो, आखिरी पन्ने पे भी अंगूठा है."

बेननी दोन्ही पुस्तकं उलटसुलट चाळली आणि सगळा गठ्ठा कपाटात परत ठेवला.

परवा एका नव्या मेंबरनं त्यांना चांगलं मराठी पुस्तक मागितलं. मराठी न येणाऱ्या बेननी चार पुस्तकं भराभर चाळली आणि एक ठामपणे त्याच्या हातात ठेवलं.

"ये ले जाओ, भाई. आखिर तक काली है."