म्हशीच्या वाट्याचा कोंडा

पिंपळनेरच्या दवाखान्यात, डॉक्टरांची वाट बघत माझ्या शेजारी दोन म्हातारे बसले होते.

"अभिमन नाना, तुमनं पोट साफ व्हयनं का?"

"कसानं साफ, चुडामण? डॉक्टर म्हने, चोथा खा. महिनाभर म्हैसना वाटाना कोंडा मीच खाई ऱ्हायनू. तिनं दूध आटनं, मन्हं पोट तसंच."

"म्हैस काय म्हनस?"

"माले दखी का शिंग दखाडस."

"माले डॉक्टरनी पालाभाजी सांगी. बायको म्हने, आते तुमले बकरीसंगे बांधसू."

"आज तोच कोंडा पिशवीमा भरीसन लई उनू. डॉक्टरले म्हनसू, तूच खाईसन दखाड. पन तो शे कोठे?"

कंपाउंडर दारात आला. "नाना, जरा बसा. साहेब मघाचे संडासात आहेत, निघतच नाहीत."

नानांनी पिशवी त्याच्या हातात दिली.

"हाई आत दे. म्हन, म्हैसनी धाडेल शे."