मोरीखालचं वऱ्हाड

ऐका. सरका आगटीजवळ. हुरडा खाता खाता ऐका, पण मधीच "मंग काय झालं" असं विचारू नका. मंग काय झालं तेच तं सांगायलोय मी! जावईबापू, तुम्ही हिकडं उजेडात या. शहरातली माणसं तुम्ही, टिटवी वरडली तरी दचकता. मघाशी बघितलं मी.

तं ज्या साली आपल्या हिकडं रेल्वेचा भराव टाकायलेले, त्या सालची ही गोष्ट. भराव म्हंजी, रूळ टाकायच्या आधी मातीचा उंच बांध घालतेत ना, तो. दोन पुरुष उंच अन् सरळच्या सरळ. ती माती नुसती टाकून भागत नाही. थर टाकायचा, पाणी मारायचं, वरनं रोलर फिरवायचा. परत थर, परत पाणी, परत रोलर. अन् साल कोणतं? दुष्काळाचं! विहिरींत कबुतरं अंडी घालायलेली. माणसाला पाणी नाही, ढोराला नाही, अन् ती माती मातर रोज दोन वेळा न्हायलेली!

तिला न्हाऊ घालणारा माणूस म्हंजी लिंबाजी. टँकरवाला. दहा वर्षं त्यानं गावोगावी पिण्याच्या पाण्याचा टँकर चालवला, मंग रेल्वेच्या कामावर लागला. रेल्वेसाठी राखलेल्या तळ्यातनं टाकी भरायची, भरावावर चढायची, पाणी सोडायचं. माणूस बिचारा गरीब स्वभावाचा. बायको द्रौपदा मातर खमकी. दोघांची मोसंबीची बाग. चारशे झाडं. द्रौपदानं एकेक रोप डोक्यावरनं पाणी वाहून वाढवलेलं. सात वर्षांची झाडं, लेकरासारखी. अन् त्या साली बोअर गेलं. पानं मुडपली. फळं सुपारीएवढी होऊन गळायला लागली.

आता तुम्हीच सांगा, दिवसभर मातीला पाणी पाजायचं अन् संध्याकाळी घरी येऊन तहानलेली बाग बघायची, कसं व्हत असंल त्या माणसाला? लाज वाटायची त्याला झाडांपुढं जायची. खरंच लाज वाटायची.

एके दिवशी सकाळी द्रौपदा म्हणली, "आवं, बुडख्याची साल सुटायली. उद्या दिस वर यायच्या आत पाणी नाही भेटलं, तं बाग गेली. मंग कुऱ्हाड मीच लावते. रोज मरताना बघवत नाही मला."

लिंबाजीनं टोपी घातली. कामावर गेला.

अन् बघा कसं व्हतं! त्याच दिवशी संध्याकाळी रोलर बिघडला. लिंबाजी टाकी काठोकाठ भरून उभा, अन् रोलर हालंना. मुकादमानं डोकं खाजवलं अन् म्हणला, "लिंबाजी, रोलर काही उद्या दुपारपतूर नीट व्हत नाही. हे पाणी ने तुझ्या बागंला. सकाळी गाडी हजर कर म्हंजी झालं."

लिंबाजीला वाटलं, ह्या माणसाचे पाय धरावेत! दहा हजार लिटर! झाडामागं दोन घागरी! त्यानं टोपी काढून परत घातली, दुसरं काही सुचंना.

मुकादम म्हणला, "पण ऐक. सडकेनं जा. मोरीखालनं जाऊ नको."

मोरी म्हंजी भरावाखालनं गाडीवाट जायला ठेवलेलं भोक. जिथं मोरी बांधली, तिथं आधी एक जुनी विहीर व्हती. अन् त्या विहिरीत राहायचा गिऱ्हा! गिऱ्हा म्हंजी पाण्यातलं भूत, जावईबापू. डोहात राहतो, विहिरीत राहतो, पाणी हेच त्याचं घर. रेल्वेवाल्यांनी विहीर बुजवली, वरनं भराव टाकला. झालं! पाण्यातलं भूत अन् पाणीच नाही! तहानलेला, बेघर, अन् रागावलेला. रात्री त्या मोरीत जो गेला, तो सकाळी वाळल्या भेंडीवानी भेटला, असं लोक सांगायचे.

सडकेनं वळसा तीस किलोमीटरचा. डिझेल तेवढं नव्हतं. अन् घरी चारशे झाडांचा जीव टांगणीला लागलेला. लिंबाजीनं देवाचं नाव घेतलं अन् गाडी वळवली. कुणीकडं? मोरीकडं!

अंधार पडलेला. चांद अर्धा. गाडी डचमळत चाललेली, डबक डबक, डबक डबक. मोरी आली. अन् मोरीच्या तोंडाशी एक म्हातारा उभा. हातात तांब्या. तोंडावर ह्या एवढाल्या मिशा.

"लेकरा, घोटभर पाणी दे."

आता आपल्याकडं पाण्याला कुणी नाही म्हणतं का? दुष्मन आला तरी आधी तांब्या पुढं करतेत. लिंबाजी उतरला. टाकीच्या मागचा व्हॉल, म्हंजी तिची चावी, जरासा सोडला. तांब्या धरला म्हाताऱ्यानं. पाणी पडतंय, पडतंय, पडतंय. तांब्या भरंना! लिंबाजीनं वाकून बघितलं. तांब्याला बूडच नाही! खालची माती दिसायली आरपार. अन् गंमत बघा, त्या मातीवर थेंब नाही! कोरडी ठण्ण! पाणी जातंय कुठं मंग?

लिंबाजीच्या तोंडचं पाणी पळालं. व्हॉल बंद केला, उडी मारून गाडीत बसला, अन् घातली गाडी मोरीत! ह्या तोंडानं आत, त्या तोंडानं भाईर. हुश्श केलं त्यानं.

अन् समोर बघतोय तं काय? मोरी! तीच मोरी, तेच तोंड! भाईर पडला अन् परत पहिल्या जागी! चकवा लावला व्हता गिऱ्ह्यानं.

आता मोरीपुढं एक बाई उभी. काखंत लेकरू, डोक्यावर हंडा. पदर तोंडावरनं घेतलेला.

"दादा, लेकरू तहानलंय रं."

लेकरू म्हणल्यावर काय करणार? उतरला अन् परत व्हॉल सोडला. हंडा काही भरंना. टाकी हलकी हलकी व्हायली. तेवढ्यात वारं आलं अन् बाईचा पदर उडाला. बाईला मिशा! तसल्याच, ह्या एवढाल्या! लेकराकडं बघितलं, तं लेकरालाबी मिशा!

हसता काय? लिंबाजीच्या जागी असते म्हंजी कळलं असतं. तो गाडीत कसा चढला ते त्यालाबी आठवत नाही. घातली परत मोरीत. भाईर निघाला. परत तीच मोरी!

पण आता? आता मोरीपुढं झगझगाट! बत्त्या, ताशे, सनई, बेंडबाजा! अख्खं वऱ्हाड उभं! मधी घोड्यावर नवरदेव, बाजूला वरमाय, कलवऱ्या, वाजंत्री, आचारी. शे-दीडशे माणूस! अन् प्रत्येकाच्या हातात बुडाविना भांडं. कुणाकडं घागर, कुणाकडं कळशी. वाजंत्र्यानं तं ताशाच उलटा धरलेला पाण्यासाठी. अन् नवरदेवाला मिशा, वरमायला मिशा, कलवऱ्यांना मिशा, घोड्यालाबी मिशा! सगळं वऱ्हाड म्हंजी तो एकटा गिऱ्हा! एकट्यानं एवढी रूपं घेतलेली!

अन् समदे एका आवाजात म्हणले, "लिंबाजी, वऱ्हाड तहानलंय!"

लिंबाजीनं हात जोडले. म्हणला, "देवा, बागंचं पाणी हाय हे. माझी झाडं मरतील."

तवा नवरदेव घोड्यावरनं वाकला. हळूच म्हणला, "टाकी संपू दे. मंग तुझ्यातबी निघंल की एखादी घागर. माणूस म्हंजी तरी काय, पाणीच!"

अन् घोडा हसला. घोडा हसलेला कुणी बघितलाय का? लिंबाजीनं बघितला.

वऱ्हाड पुढं सरकायला लागलं. टाकीला हात लागले. कुणी व्हॉल धरला, कुणी लिंबाजीची मनगटं धरली. गार हात नव्हं बरं का, कोरडे! तव्यावानी कोरडे! हातातलं वलं समदं वढून घ्यायलेले. जीभ टाळूला चिकटली त्याची. त्याला बाग दिसली, द्रौपदा दिसली, कुऱ्हाड दिसली. संपलं म्हणला आता.

अन् काय झालं कुणास ठाऊक! दहा वर्षं गावोगावी टँकर नेल्याली सवय, टाकीला गर्दीचे हात लागल्याबरोबर तोंडातनं आपसूक भाईर पडली. तो वरडला, कसा वरडला! खड्या आवाजात, अगदी चौकात वरडायचा तसा:

"ए! नंबर लावा! नंबराबिगर थेंब भेटायचा नाही!"

चिडीचूप. बेंड थांबला. ताशा थांबला. शे-दीडशे मिशा जागच्या जागी.

मंग वरमाय म्हणली, "नंबर लावायचाच, तं पहिला माझा. वरमाय हाय मी."

नवरदेव म्हणला, "लगीन कुणाचं? माझं! पहिला नंबर माझा."

"तू बस गप! मी कालपासनं दगड ठेवलाय नंबराला!" हे कोण म्हणलं? घोडा!

"दगड तुझा कशावरनं? तो दगड माझा हाय!" आचारी म्हणला.

"माझी कळशी मधी व्हती, कुणी सरकवली?"

"तुझ्या कळशीला कोण विचारतंय?"

झालं की हो सुरू! कलवरीनं वरमायच्या झिंज्या धरल्या. आचाऱ्यानं झारा उचलला. नवरदेवानं मुंडावळ्या सोडून घोड्याच्या गळ्याला आवळल्या. वाजंत्र्यानं ताशा एकाच्या डोक्यात घातला. अन् आवाज समद्यांचा एकच! एकटाच गिऱ्हा स्वतःला शिव्या देतोय, स्वतःच्या मिशा उपटतोय, स्वतःलाच म्हणतोय "तुझ्या बापाची टाकी हाय का!"

लिंबाजीनं हे दहा वर्षं बघितलेलं. हे भांडण लवकर मिटत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? मनगटं सुटली. तो पाय न वाजवता मागं सरकला. व्हॉल आवळला. गाडीत चढला. पण जायचं कुठं? मोरीत घातली तं परत मोरी!

तवा त्याला भराव दिसला. मोरीच्या बाजूनंच वर चढायची वाट. रोज चढायचा तो तिच्यानं. अन् डोस्क्यात उजेड पडला. वाट फिरवता येती, पायवाट फिरवता येती, पण भराव? सायबांनी दुर्बीण लावून, दोरी धरून आखलेला! तो कुठं फिरवणार गिऱ्हा? घातली गाडी वर! पहिला गिअर, घों घों घों! चाक घसरलं, गाडी मागं आली, माझ्या आई! परत रेटली. चढली वर! अन् मंग सरळ. डावं नाही, उजवं नाही. नाकासमोर सरळ. चकवा बसला खाली हात चोळत.

मागं बघितलं नाही त्यानं. फकस्त आवाज येत व्हता लांबनं, "माझा नंबर, माझा नंबर..."

तीन मैलांवर शिवार आलं. भरावावरनं उतरला अन् बागंत गाडी लावली. द्रौपदा आळ्यांपाशी बसलेली. डोळ्याला डोळा नव्हता तिच्या. कुऱ्हाड बाजूला व्हती. लिंबाजी उतरला अन् तिच्यापुढं भुईवर बसला. रडला. तिनं टाकीत काठी घालून बघितली. अर्धी!

"दोन घागरी व्हत्या गं झाडामागं," तो म्हणला. "एकच राहिली."

द्रौपदानं पदर खोचला. म्हणली, "एक लई झाली. उठा!"

रातभर ती दोघं घागरी वाहायली. पाट नाही, दांड नाही. एका झाडाला एक घागर, बुडाशी, हळूहळू, मुळाला. वरनं उसाचं पाचट झाकलं, उन्हानं उडून जाऊ नाही म्हणून. दिस उगवला तवा चारशेच्या चारशे झाडं झाली व्हती. दोघं चिखलानं माखलेली. अन् हसायलेली! वेड्यावानी हसायलेली! कारण लिंबाजीनं तवा कुठं तिला घोड्याच्या मिशा सांगितल्या.

तिसऱ्या दिवशी पानं उघडली. चारशेतली तीनशे नव्वद जगली. जावईबापू, दुपारी रसाचे दोन गिलास मारलेत ना? त्याच झाडांचा तो.

पण त्या सकाळी द्रौपदाचं हसू थांबलं अन् तिनं विचारलं, "मंग ते भूत पुरतं पाणी प्यालं का नाही?"

"कुठलं पिणार? भांडतच राहिलं."

"मरो ते," ती म्हणली, "पण तहानलेलं हाय." बाईमाणसाचं काळीज! त्याच दिवशी भर दुपारी ती एक घागर घेऊन मोरीपाशी गेली. लिंबाजी मागं मागं, चार हात अंतर ठेवून. घागर मोरीच्या तोंडाशी ठेवली अन् म्हणली, "एवढीच हाय. समद्यांनी मिळून प्या."

दुसऱ्या दिवशी दोघं बघायला गेली. घागर तिथंच. भरलेली! काठोकाठ! वरनं एक पान पडलेलं, तेसुदिक तसंच तरंगायलेलं. महिन्यानं बघितली, तरी भरलेली. अजून भरलेली हाय म्हणतेत. कुणीच प्यालं नाही. पहिला घोट कुणाचा, तेच ठरंना!

म्हणून सांगतो, नीट ऐका. दिवसा त्या मोरीखालनं खुशाल जा, शेरडं न्या, बैलगाडी न्या, वरनं रेल्वे गेली तं हात करा. पण अंधार पडल्यावर पाऊल टाकू नका. गिऱ्हा आता कुणाचा जीव घेत नाही. कुणी दिसला का वऱ्हाड त्याला हात धरून बसवतं, पान-सुपारी देतं, अन् म्हणतं, "या पाव्हणं, तुम्ही पंच व्हा. तुम्हीच सांगा पहिला नंबर कुणाचा."

अन् पाण्याच्या भांडणात पंच झालेला माणूस घरी परत आल्याला मी तरी अजून बघितला नाही.